खिडकीबाहेरची दीड फूट जागा

मुंबईच्या उपनगरात फ्लॅट बघायला गेलेला माणूस कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो, मेंटेनन्स विचारतो. बेडरूमच्या खिडकीबाहेर एसीचं युनिट ठेवण्यासाठी दीड-दोन फुटांची पट्टी सोडलेली असते, तिच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. राहायला आल्यावर महिन्याभरात त्या पट्टीवर कबुतरं येतात. पुढे ती पट्टी त्यांची होते. तिथला आवाज, वास, खर्च आणि खोकला आपल्या वाट्याला येतो.

मी मुलुंड पूर्वेला राहते. ‘रस्त्यात खड्डे आहेत, लोकलला लोंबकळावं लागतंय, आणि तुम्हाला कबुतरांचं पडलंय’, असं ऐकवणारे बरेच भेटतात. मला ते म्हणणं मान्य नाही. खड्डा रस्त्यात असतो, गर्दी स्टेशनात असते. हे उशापासून हातभर अंतरावर आहे, बाराही महिने आहे, आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत ज्यांच्याशी बोलावं त्यांच्या घरी आहे. त्रास लहान असला तरी तो रोजचा असला की माणसाची सहनशक्ती झिजवतो, आणि अशा त्रासाबद्दल बोलायला काही लाज वाटण्याचं कारण नाही.

पहाटे पाचच्या आधी कबुतरांचं घुमणं सुरू होतं. नर गळा फुगवून मादीभोवती गोल फिरत असतो, त्याची नखं युनिटच्या पत्र्यावर वाजतात आणि डक्टमधून तो आवाज दोन मजले वर आणि दोन मजले खाली जातो. रात्रपाळी करून आलेला माणूस, तान्ह्या बाळाची आई, अंथरुणाला खिळलेले आजोबा, सगळे त्या आवाजाने जागे होतात. मग दिवस उजाडतो. दोरीवर वाळत घातलेली चादर काढायला जावं तर मधोमध पांढरा-हिरवा ओघळ आलेला असतो. ती पुन्हा भिजवायची, पुन्हा घासायची, पुन्हा वाळत घालायची. तुळशीच्या कुंडीत पिसं. गाडीच्या टपावर पडलेली घाण दोन दिवस तशीच राहिली की रंगाला कायमचा डाग. एप्रिल-मेमध्ये गॅलरीत कुरडया, सांडगे, मिरच्या वाळत घालणं आमच्या इमारतीत बंदच झालं. वाळवण आता गावाहून येतं नाहीतर दुकानातून.

सगळ्यांत जास्त दुखतं ते खिडकीचं. मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, आणि उकाड्यात तेवढाच दिलासा असतो. त्या वाऱ्यासाठी उघडायची खिडकी आता बंद ठेवावी लागते, कारण उघडली की पिसं आणि धूळ आत येते, कधी कबुतरच आत शिरतं आणि पंख्यात सापडतं. खिडकी बंद म्हणून एसी लावायचा, एसी लावायचा म्हणून बाहेर युनिट, आणि त्या युनिटमागे पुन्हा कबुतरांचा संसार. सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक खिडकीतून डोकावतो आणि ‘आधी साफसफाई करून घ्या, मग हात लावतो’ असं म्हणतो. त्याचंही बरोबरच आहे.

घरटं म्हणावं असं काही कबुतर बांधत नाही. झाडूचे हीर, वाळक्या काड्या, बांधकामावरून उचललेली बाइंडिंगची तार, केबलवाल्याने कापून टाकलेले वायरचे तुकडे, एखादा स्ट्रॉ, एवढं सामान युनिट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ओढून आणायचं आणि त्यावर बसायचं. पुढचं काम विष्ठा करते. ती साचते, वाळते आणि गिलाव्यासारखी घट्ट होते. महिन्या-दोन महिन्यांनी ते सगळं उलथन्याने खरवडावं लागतं. मादी दोन पांढरी अंडी घालते. सतरा-अठरा दिवस दोघं आलटून पालटून ती उबवतात, दिवसाचा मोठा भाग नर आणि रात्रभर मादी. पिल्लांना दोघंही आपल्या अन्नपिशवीत तयार झालेला दुधासारखा द्रव भरवतात. हे सगळं जवळून पाहिलं की त्यांच्या चिकाटीबद्दल मनात आदर वाटतो, आणि तो मी लपवत नाही. साधारण महिन्याभरात पिल्लं उडतात. पण ती उडण्याआधीच बरेचदा पुढची अंडी घातलेली असतात. मुंबईच्या हवेत त्यांच्या विणीला असा ठरावीक हंगाम नाही. जूनच्या पावसात अंडी असतात, दिवाळीत असतात, संक्रांतीलाही असतात.

इथेच प्रत्येक घर अडकतं. अंडी दिसली की कोणीतरी म्हणतं, ‘राहू दे गं, पिल्लं उडाली की काढू.’ मीही त्याच मताची आहे. अंडी उचलून फेकायला माझा हात होत नाही, आणि तो व्हावा अशी माझी इच्छाही नाही. त्यामुळे जे काही करायचं ते अंडी पडण्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांत. पहिली काडी दिसली की काढायची. दुसऱ्या दिवशी परत आणतील, परत काढायची. तिसऱ्या दिवशीही. जोडी कंटाळून दुसरीकडे जाते, पण त्यासाठी घरात रोज कोणीतरी असावं लागतं. दोघंही आठ सत्तावीसच्या लोकलने ऑफिसला जाणारी असली, किंवा गणपतीला आठवडाभर कोकणात गेली, की परत येईपर्यंत अंडी पडलेली असतात आणि पुढचा दीड महिना ती पट्टी हातची जाते.

उपाय म्हणून जे जे विकलं जातं ते बहुतेक वाया जातं. जुन्या सीडी दोरीला लटकवल्या, तर वाऱ्याने त्या खिडकीवर आपटून आपलीच झोप मोडते; कबुतरं आठवड्यात सरावतात. प्लास्टिकचं घुबड आणलं, त्याच्या शेजारी बसतात. रबरी साप, डांबरगोळ्या, तिखटाचं पाणी, चकचकीत कागदाच्या झिरमिळ्या, सगळ्याचं तेच होतं. टोकदार काट्यांच्या पट्ट्या काही दिवस चालतात, मग त्याच काट्यांत काड्या अडकवून कबुतरं घरटं करतात, कारण काड्या घसरू नयेत म्हणून काट्यांचा त्यांना आधारच होतो. चिकट जेल लावणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे की ते लावू नका. त्यात चिमणी अडकते, तिचे पंख चिकटतात आणि ती तडफडून मरते.

शेवटी उरते जाळी. नायलॉनची जाळी नीट ताणून, चारही बाजूंनी हुक मारून बसवली तर कबुतर येत नाही, हे खरं आहे. पण ती बसवणारा मुलगा सातव्या मजल्याच्या पट्टीवर पाय ठेवून, कमरेला एक दोर बांधून, एका हाताने ड्रिल चालवत असतो. ज्या दिवशी आमच्याकडे जाळी बसली त्या दिवशी मी खिडकीशी उभं राहून जीव मुठीत धरला होता. तो मात्र शांत होता. म्हणाला, ‘ताई, तुमच्याकडून गेली की बाजूवाल्यांकडे जाणार. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन येतोच.’ आणि तसंच झालं. शेजारच्या काकूंकडे गेली, त्यांनी जाळी लावली, मग वरच्या मजल्यावर. आता आमच्या विंगेत ज्या घरात एकट्या आजी पेन्शनवर राहतात आणि ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांच्याच खिडक्यांशी सगळ्या इमारतीची कबुतरं जमली आहेत. याला उपाय म्हणता येत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने आपली अडचण ज्याच्याकडे नाहीत त्याच्या दारात नेऊन ठेवायची, एवढंच यात घडतं.

जाळी दोन-तीन उन्हाळे काढते. मग उन्हाने धागा कुजतो, एका कोपऱ्यात भोक पडतं आणि कबुतर आत शिरतं; शिरलेलं बाहेर पडत नाही. पायाला धागा गुंडाळून उलटं लटकलेलं कबुतर उपनगरात सर्वांनी पाहिलं आहे. मग अग्निशमन दलाला फोन करायचा आणि जवानांनी शिडी घेऊन यायचं. ज्या दलाने आगीला धावायचं त्याचा वेळ आपण फाटक्या जाळ्यांत घालवतो. म्हणून जाळी लावलीच असेल तर दर पावसाळ्यापूर्वी तिचे कोपरे तपासा. लावून विसरून जाण्याची ती वस्तू नाही.

कबुतरांचा प्रश्न इथपर्यंत नुसता किळसेचा वाटेल. तो तसा राहत नाही. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली की काही जणांच्या फुप्फुसाला त्याची ॲलर्जिक सूज येते. ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ असं त्या आजाराचं नाव आहे. सुरुवात कोरड्या खोकल्याने आणि जिना चढताना लागणाऱ्या धापेने होते, म्हणून लोक त्याला प्रदूषण समजतात, दमा समजतात, वयोमान समजतात. लक्षात यायला उशीर झाला तर फुप्फुसात व्रण होऊन ती आक्रसतात, आणि ते व्रण भरून येत नाहीत. सगळ्यांनाच हा आजार होत नाही. कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. पण छातीच्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘घराच्या आसपास कबुतरं आहेत का?’ हा प्रश्न ऐकलेली घरं आता मुंबईत थोडी नाहीत. त्यामुळे साफसफाईची एक गोष्ट सर्वांनी, विशेषतः घरकामाला येणाऱ्या मावशींना हे काम सांगणाऱ्यांनी, लक्षात ठेवावी. वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने कधीही झाडायची नाही. आधी पाणी मारून ती पूर्ण भिजवायची, तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे, मग खरवडून पिशवीत बांधायची. दम्याच्या माणसाने या कामाला हातच लावायचा नाही.

हे पक्षी आपल्या भिंतींवर आले तरी का? आपलं कबुतर म्हणजे पारवा, हा मुळात कड्याकपारीचा पक्षी. उभ्या कातळातली अरुंद, सपाट, सावलीतली कपार त्याला हवी असते. आपण उपनगरात गेली वीस-पंचवीस वर्षं नेमकी तीच बांधतो आहोत. पंतनगर असो, टिळकनगर असो, बोरिवलीची बाभई असो नाहीतर आमचा गव्हाणपाडा, चार मजली जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहिले. प्रत्येक टॉवरला एसीच्या पट्ट्या, नळांचे डक्ट, दर्शनी भागाला शोभेसाठी काढलेले कंगोरे. ज्या पट्टीचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांहून जास्त उतरता असतो तिच्यावर कबुतराला घरटं टिकवता येत नाही, हे जगभर माहीत आहे. डक्ट वरून पक्क्या जाळीने बंद करता येतो. युनिटसमोर अडसर म्हणून धातूची जाळी मूळ नकाशातच दाखवता येते. बांधकाम चालू असताना परांची उभी असते, तेव्हा हे करायला खर्च किरकोळ. तेच काम ताबा मिळाल्यावर दोरीला लटकणाऱ्या मुलाकडून, प्रत्येक घराचा वेगळा खर्च करून, आपण आयुष्यभर करत राहतो. पुनर्विकासाच्या सभेत आपण फिटिंग कोणत्या कंपनीची, लॉबीला कोणती फरशी, यावर तासन् तास बोलतो. या पट्टीवर पाच मिनिटं बोलत नाही. ज्यांच्या इमारतीचे नकाशे अजून व्हायचे आहेत त्यांनी हा मुद्दा लेखी मांडावा.

पण नुसत्या जागेने संख्या वाढत नाही, ती अन्नाने वाढते. स्वतः दाणे शोधत हिंडणाऱ्या पक्ष्याचा दिवस त्यातच जातो. ज्याला सकाळी सात वाजता एकाच जागी ज्वारी आणि चणे पोत्याने मिळतात त्याच्याकडे उरलेला दिवस विणीला मोकळा असतो. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तयार झालेल्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात कितीतरी जातींची संख्या घटताना दिसते, आणि जोमाने वाढणाऱ्या मोजक्या जातींत आपला पारवा आहे. त्याला आपल्या दाण्यांची गरज नाही.

२०२५ च्या जुलैत हा विषय विधान परिषदेत निघाला आणि मुंबईतले ५१ कबुतरखाने, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायच्या सार्वजनिक जागा, बंद करायचं ठरलं. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली, ऑगस्टमध्ये जमावाने ती फाडली. उच्च न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याला प्राधान्य दिलं, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. दाणे टाकणाऱ्यांना पाचशे रुपये दंड सुरू झाला. त्या दिवसांत वाटलं होतं की आता तरी हे शहर या प्रश्नाकडे नीट बघेल. पुढे महापालिकेने सकाळी सात ते नऊ या वेळेत दाणे टाकायला तात्पुरत्या चार जागा दिल्या. एक वरळीच्या जलाशयापाशी. बाकीच्या तीन म्हणजे अंधेरी पश्चिमेला लोखंडवाला बॅक रोडचा खारफुटीचा भाग, बोरिवली पश्चिमेला गोराई मैदान, आणि आमचा मुलुंड-ऐरोली जकात नाका.

चारातल्या तीन जागा उपनगरात. वाद दादरचा होता, ताडपत्री दादरला फाटली, निकाल मात्र आमच्या खिडक्यांवर आला. शहरातली अडचणीची गोष्ट उचलून उपनगराच्या कडेला ठेवायची ही सवय जुनी आहे. मुलुंड आणि देवनार यांनी वर्षानुवर्षं शहराचा कचरा सोसला आहे. नकाशावर या जागा वस्तीपासून दूर दिसत असतील. पण नाक्यावर दोन तास दाणे खाल्लेलं कबुतर उरलेले बावीस तास नाक्यावर बसून राहत नाही. ते घरटं करायला इमारतींतच येणार. शिवाय ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. अशा खाडीच्या आसपास आणि खारफुटीच्या कडेला धान्य टाकून कबुतरं आणि उंदीर पोसणं मला पटत नाही.

या भांडणाला मराठी-गुजराती रंग देणारे आहेत. त्यांच्यात मला जायचं नाही. जीवदयेने दाणे टाकणारे माझे शेजारी मनाने चांगले आहेत. त्यांच्यातल्या एका काकांनी आमच्या घरातल्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढली होती. आणि पितृपक्षात, अमावास्येला, किंवा उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून गॅलरीच्या कठड्यावर ठेवणारी मराठी घरंही कमी नाहीत. काकांशी मी बोलले. ‘मुक्या जिवाला दोन दाणे घातले तर बिघडलं काय, बेन?’ असं ते म्हणाले. मी त्यांना आजींची खिडकी दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण ऐकून घेतलं. बोलण्याचा हा मार्ग मला घोषणांपेक्षा बरा वाटतो.

हे जगात दुसरीकडेही घडलेलं आहे. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दाणे विकणं आणि टाकणं या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं, व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात २००८ साली. स्वित्झर्लंडमधल्या बासल शहराने आधी अनेक वर्षं कबुतरं मारून पाहिली आणि त्याने संख्या हटली नाही, कारण अन्न तेवढंच असलं की उरलेली जोमाने वीण करतात. मग १९८८ पासून त्यांनी लोकांना दाणे न टाकण्याबद्दल समजावलं, सोबत थोडी देखरेखीखालची खुराडी ठेवली आणि तिथली अंडी काढून घेतली. चार-पाच वर्षांत संख्या सुमारे निम्म्यावर आली. विष नाही, मारणं नाही, फाटक्या जाळ्या नाहीत. दया आणि आरोग्य यांत वैर नसतं हे त्या शहराने करून दाखवलं, आणि मुंबईला हे जमणार नाही असं मी मानत नाही.

युरोपात घराच्या भिंतीवरून कुरबुर होते ती कबुतरांशीच नाही, भिंगऱ्यांशीही. त्या चिखलाचे गोळे रचून वळचणीखाली घरटं लावतात आणि खाली घाण पडते. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वापरातलं घरटं पाडता येत नाही. घाण झेलायला घरट्याखाली एक फळी ठोका, असं तिथे सांगतात. भिंगरी उन्हाळ्यापुरती येते, हवेतले किडे खाते, कोणाकडे दाणे मागत नाही. आपल्याकडच्या भिंगऱ्या आणि पाकोळ्याही पुलाखाली, जुन्या इमारतींच्या स्लॅबखाली घरटी करतात. कबुतरांच्या रागात त्यांची घरटी पाडू नका. आमच्या परिसरात रंगकाम निघालं तेव्हा कामगारांनी जिन्यावरच्या स्लॅबखालची पाकोळ्यांची घरटी कबुतरांची समजून खरवडून काढली, आणि त्या नंतर आल्या नाहीत. मला त्याचं आजही वाईट वाटतं. जो त्रास देत नाही त्याला घालवून द्यायचं आणि जो देतो त्याला दाणे घालायचे, हे थांबायला हवं.

पुण्य करायची इच्छा असेल तर आपला राज्यपक्षी हरियल आहे. तोही कबुतरांच्याच कुळातला, पण वड, पिंपळ, उंबराची फळं खाणारा आणि झाडावरच राहणारा. बोरिवली आणि मुलुंड दोन्ही नॅशनल पार्कला लागून आहेत. तिथून तो आपल्याकडे यायला झाड तेवढं हवं. दाण्यांचे पैसे सोसायटीच्या आवारात एक उंबर लावून जगवण्यात घाला. आणि उद्या सकाळी दाणे टाकायला हात बाहेर काढाल, तेव्हा खालच्या मजल्यावर कोणाची खिडकी आहे ते आधी बघा. कृपा करून टाकू नका.